टर्बोचं तेल कुठे अडलं

जळगाव
१२ जानेवारी २०२५

ती. प्रेमराजमामांस,
रूपाचा शि. सा. न. वि. वि.

संक्रांतीच्या आसपास पोचावं म्हणून घाईने लिहिते आहे. तुमच्या कानांना फोन चालत नाही आणि मोबाईलच्या काचेवरची अक्षरं तुमच्या बोटांना जुमानत नाहीत, म्हणून आपलं हे पत्रांचं चाललं आहे. परवा पोस्टमन विचारत होता, की ताई, अजून कोणाला एवढं लिहिता? मी सांगितलं, दोंडाईच्याला माझे मामा आहेत. तीस वर्षं बसगाड्यांची इंजिनं उघडली आणि त्यात कान घालवून बसले.

आता मुद्द्याचं. आपल्या गाडीचं इंजिन मी घरीच उघडणार आहे. हसू नका.

नोव्हेंबरात पारोळ्याजवळ काय झालं ते तुम्हाला माहीत आहेच. नवल आमच्या गल्लीतल्या इंदिराबाईंना आणि त्यांच्या सुनेला घेऊन धुळ्याला निघाले होते, म्हातारीच्या डोळ्याच्या ऑपरेशनला. टर्बोची शीळ एकदम वाढली, मागे निळा धूर झाला, आणि यांनी किल्ली काढून हातात घेतली तरी इंजिन थांबेना. उलट चढतच गेलं. शेवटी यांनी ते कसं तरी बंद पाडलं. कोणाला खरचटलंही नाही. पण गॅरेजवाल्याने एक बोल्टही न उघडता निकाल देऊन टाकला, की तेल कमी होतं, चालवणाऱ्याची चूक, इंजिन भंगारात द्या आणि दुसरं बसवा. नवलनी मान हलवली आणि घरी आले. त्या दिवसापासून त्यांनी स्टिअरिंगला हात लावलेला नाही. भाड्याची कामं सोडली. गौतमचंद शेठच्या डाळमिलमध्ये जातात, तेही पायी. गाडी अंगणात उभी आहे आणि हे तिच्याकडे पाठ करून दात घासतात.

मामा, मला दुसरं इंजिन नको आहे. काय झालं ते मला हवं आहे. शिलाई मशीन दुरुस्त करून करून सुईच्या टोकाएवढी चूक आता मला दिसते. लहानपणी सुट्टीत मी तुमच्या हातात पाने-पक्कड देत बसायचे, ते काही उगीच नाही. मागच्या पत्र्याच्या शेडला भक्कम गर्डर आहे, चेन पुली मिळते आहे. कुठून सुरुवात करू ते चित्र काढून कळवा.

मामीला नमस्कार. माझ्यावरची माया थोडी जास्तीची काढून ठेवा, या कामात लागणार आहे.

तुमची भाची
रूपा


दोंडाईचा
१९ जानेवारी २०२५

चि. सौ. रूपास,
प्रेमराजमामाचे अ. उ. आ.

तुझं पत्र मामीला वाचून दाखवलं. ती म्हणाली, पोर येडी शे. मी म्हणालो, माझ्या वळणावर गेली शे. त्यावर तिने तिळगुळाचा डबा उचलून आत नेला.

पहिलं सांगणं, घाई करायची नाही. दुसरं, एक मोठा पुठ्ठा घे, त्यावर इंजिनाचं चित्र काढ आणि निघालेला प्रत्येक बोल्ट चित्रात त्याच जागी खोचून ठेव. हेडचे, म्हणजे वरच्या झाकणाचे, बोल्ट बाहेरून आत सैल करत ये, सगळे थोडे थोडे. एकच पूर्ण सोडलास तर हेड वाकेल आणि मी तिथे येऊन तुझा कान धरीन. सोबत तीन कागदांवर चित्रं दिली आहेत.

टर्बोला खेळणं समजू नको. धुराच्या जोरावर तो मिनिटाला लाखाच्या वर फेरे घेतो आणि इंजिनात हवा कोंबतो. त्याच्या दांड्याला धरून ठेवतो तो फक्त तेलाचा पापुद्रा. तेल तुटलं की बेअरिंग जातं, मग तेच तेल हवेच्या वाटेने इंजिनात शिरतं. इंजिनाला काय, डिझेल नसलं तर ते तेलावर धावतं. किल्ली काढून उपयोग काय?

आता थोडं कडू. तेल तुटलं का, तर बघितलं नाही म्हणून. डिसेंबरात भडगावच्या लग्नात पंगतीत चाळीस माणसांसमोर मी नवलरावांना बोललो, की तेल मोजायची काडी बघायला हात झिजतात का? त्यांनी खाली मान घालून जेवण उरकलं. तुझी मामी त्यावरून अजून मला धारेवर धरते. मला ऐकू येत नाही म्हणून माझा आवाज मोठा होतो, हे कबूल. पण जे बोललो ते खोटं नव्हतं.

ठरवलेल्या जोराला कट्ट वाजणारा टॉर्क पाना इथून पाठवतो आहे. जपून वापर. मामाला विसरू नको, एवढंच.

तुझा
प्रेमराजमामा


जळगाव
६ फेब्रुवारी २०२५

ती. मामांस,
रूपाचा सा. न.

इंजिन बाहेर आलं! चेन ओढता ओढता माझे हात भरून आले. शेजारच्या चंदनबाई कुंपणापाशी उभ्या राहून नवकार मंत्र म्हणत होत्या. इंजिन लटकलेलं बघून त्यांनी विचारलं, की हे पुन्हा आत जाईल याची खात्री आहे ना? मी हो म्हटलं. मग आत जाऊन त्यांनी मला ताक आणून दिलं.

आता महत्त्वाचं. पहिले आठ दिवस नवल शेडकडे फिरकले नाहीत. नवव्या दिवशी मी क्रँकचा मोठा बोल्ट सोडवत होते, तो काही केल्या हलेना. नवल मिलमधून आले, चपला काढल्या, पाइप घेतला, पान्याला लावला आणि जोर केला. बोल्ट सुटला. मग हातपाय धुऊन चहा प्यायले. दुसऱ्या दिवशी मात्र येताना स्वतःहून रॉकेल घेऊन आले. आता संध्याकाळी दोघं बसतो, भाग धुतो. काल त्यांनी मला सांगितलं, की त्या दिवशी निघण्याआधी तेलाची काडी बघितली होती, खुणेच्या वरच होतं. मी विचारलं, मग गॅरेजवाल्याला का नाही सांगितलं? म्हणाले, त्याने विचारलं नाही.

हे तुम्हाला टोचावं म्हणून लिहिलेलं नाही. झालं ते लिहिलं.

दोन पिस्टनांवर उभे ओरखडे आहेत. कनेक्टिंग रॉडची बेअरिंगं पार खरवडली. टर्बोची हवा थंड करणाऱ्या इंटरकूलरमधून तर वाटीभर तेल निघालं. टर्बोचा दांडा बोटाने हलवला की सैल दातासारखा हलतो. पुढे काय?

आशीर्वाद द्याल तेवढे घेईन.

रूपा


दोंडाईचा
१२ फेब्रुवारी २०२५

चि. सौ. रूपास, अ. आ.

फार छान चाललं आहे. पत्रासोबत आलेला पुठ्ठ्याचा फोटो बघितला. बोल्ट देवघरात मांडावेत तसे मांडले आहेस. क्रँक आणि ब्लॉक हिलाल लेथवाल्याकडे ने, माझं नाव सांग. क्रँक मोजून तो किती घासायचा ते सांगेल, त्याच मापाची बेअरिंगं घे. पिस्टनच्या रिंगा घालताना त्यांच्या फटी एका रेषेत येऊ देऊ नको.

काडीचं वाचलं. माणूस कधी कधी बघितलं समजतो, त्याने काल बघितलेलं असतं. असो.

टर्बोचं मात्र नीट बघ. वरून त्यात तेल आणणारा बारीक पाइप आहे, त्याच्या टोकाला पोकळ बोल्ट. त्या बोल्टाच्या पोटात आडवं भोक असतं, ते उजेडाकडे धर. काळी जळकी काजळी दिसली तर तेल जुनं होतं. स्वच्छ कोरडं दिसलं तर तेल कमी होतं. काय दिसतं ते मला शब्दात लिही. रोगाचं निदान तिथेच आहे.

मामी म्हणते, पोरीचे हात खरखरीत झाले असतील, खोबरेल लाव. तिची काळजी आणि माझी, दोन्ही सोबत पाठवतो.

प्रेमराजमामा


जळगाव
२४ फेब्रुवारी २०२५

ती. मामांस, सा. न. वि. वि.

उत्तराला उशीर झाला, माफ करा. हिलालभाऊंनी क्रँक एक नंबर घासून दिला. तुमचं नाव ऐकल्यावर खुर्ची पुसून दिली आणि अर्धा तास तुमच्या गोष्टी सांगितल्या. कोणत्या तरी बसचं इंजिन तुम्ही भर रस्त्यात रेनकोट अंथरून उघडलं होतं म्हणे. नवल खूप हसले. कित्येक महिन्यांनी हसले.

नवे पिस्टन आले. रिंगांच्या फटी तुम्ही सांगितल्या तशा तीन दिशांना ठेवल्या. बेअरिंगं बसवताना नवल टॉर्क पाना धरतात आणि मी आकडा वाचते. पाना कट्ट करतो तेव्हा दोघंही एकदमच श्वास सोडतो. चंदनबाईंना या आवाजाची इतकी सवय झाली आहे, की काल ऐकू आला नाही तर त्यांनी बरं वाटतंय ना म्हणून विचारलं.

टर्बोला नवं कार्ट्रिज, म्हणजे दांडा आणि बेअरिंगसकट आतला गाभा, टाकलं. पाइप आणि त्याचा बोल्ट नवीन घेतला. हेडचं गॅस्केट जुन्याच जाडीचं मिळालं.

तुमची तब्येत कशी आहे? थंडीत गुडघे दुखतात का? मामीच्या हातचं काही तरी खाऊन वर्ष झालं. दोघांनी जपा.

रूपा


दोंडाईचा
१ मार्च २०२५

चि. सौ. रूपास, आ.

अख्ख्या पत्रात पाइपाबद्दल एकच वाक्य आहे, नवीन घेतला म्हणून. मी जे विचारलं होतं त्याचं उत्तर नाही. माझ्या गुडघ्यांची चौकशी मात्र आहे, ती तू आजवर कधी केली नव्हतीस.

तू मोडकी सुईसुद्धा डबीत जपून ठेवणारी मुलगी. तो जुना बोल्ट तू बघितला नाहीस, असं मी मानू का?

चार दिवस मी आठवत बसलो. मागच्याच्या मागच्या दिवाळीत तुम्ही दोघं इथे आला होता. टर्बो शीळ घालतो म्हणून मी तो काढला, साफ केला, परत बसवला. पोकळ बोल्टाखालच्या तांब्याच्या चकत्या चेपल्या होत्या. पाडव्याचा दिवस, दुकानं बंद, तुम्हाला दुसऱ्या दिवशी परत निघायचं होतं. तेव्हा मी तिथे गळती होऊ नये म्हणून गॅस्केटची लाल पेस्ट लावली. बारीक लावली असं मला वाटलं. ती पेस्ट आत गेली तर सुकून रबरासारखी होते, चिकटून राहते आणि एक दिवस सुटून भोकात जाऊन बसते. तेल अडतं. काडीवर तेल भरपूर दिसतं आणि टर्बो मात्र उपाशी मरतो. त्या जागी पेस्ट लावायची नाही, हे मी नव्या मुलांना तीस वर्षं ओरडून शिकवलं.

बोल्टात लाल काही होतं का? हो किंवा नाही, एवढंच लिही. माझी काळजी करून लिहू नको.

प्रेमराजमामा


जळगाव
६ मार्च २०२५

ती. मामांस, सा. न.

हो.

डाळीच्या दाण्याएवढा लाल तुकडा आडव्या भोकात घट्ट बसला होता. बोल्ट मी उजेडाकडे धरला, पण आधी दिसलं नवलना. त्यांनी तो माझ्या हातातून घेतला, टाचणीने तुकडा काढला, तळहातावर ठेवला. त्या टर्बोला तुमच्याशिवाय कोणाचा हात लागलेला नाही, हे दोघांनाही माहीत होतं. मग म्हणाले, मामांना लिहू नकोस. म्हातारा माणूस या एका कामाच्या नावावर उभा आहे. मला बोलणी खायची सवय झाली आहे.

मला दोघांचाही राग आला. त्यांचा, कारण चार महिने त्यांनी मान खाली घालून सगळं ऐकून घेतलं. तुमचा, कारण पंगतीत तुम्ही इतक्या मोठ्याने बोललात. तरीही मी गप्प बसले. तुम्हाला वाईट वाटू नये म्हणून, असं मी मनाशी म्हणत होते. पण ते पूर्ण खरं नाही. माझे मामा चुकले आहेत हे मलाच कागदावर उतरवायचं नव्हतं.

आता उतरवलं. बोल्ट आणि तुकडा डबीत आहेत. तुम्ही ओळखलंच ते.

राग असला तरी माणूस आपलंच असतं ना, मामा? तेवढं धरून राहा.

रूपा


दोंडाईचा
१३ मार्च २०२५

चि. नवलराव यांस,
प्रेमराज यांचे अ. आ. वि. वि.

हे पत्र तुम्हाला आहे. रूपाने आधी वाचलं तरी चालेल.

तुमची चूक नव्हती. माझी होती. गेली तीन वर्षं माझा उजवा हात थरथरतो. चहाचा कप मी डाव्या हाताने धरतो, म्हणजे मामीला दिसत नाही. तिला ते पहिल्या दिवसापासून दिसतं आहे, हे मला परवा कळलं. त्या पाडव्याला पेस्टची नळी माझ्या हातात हलली. मला ते जाणवलं होतं. बोल्ट काढून परत पुसावा असं मनात आलं होतं. पण तुम्ही शेजारी उभे होता, आणि म्हाताऱ्याचा हात हलतो हे तुम्ही बघावं असं मला वाटत नव्हतं. म्हणून मी तो तसाच आवळला. गाडीत तुम्ही होता, एक म्हातारी होती, तिची सून होती.

चाळीस माणसांसमोर बोललो, तेव्हा एकट्या तुम्हाला पाकिटातून माफी मागणं पुरेसं नाही. त्या पंगतीत कोण कोण होतं ते मामीने आठवून सांगितलं. सव्वीस घरं झाली. प्रत्येक घरी एक पोस्टकार्ड टाकलं आहे. भडगाव, धरणगाव, धुळे, सगळीकडे. कार्डच मुद्दाम घेतलं, वाटेत ज्याला वाचायचं त्यानेही वाचावं. मजकूर एकच आहे, की नवलरावांच्या गाडीचं इंजिन माझ्या चुकीने गेलं, त्यांनी तेल बघितलं होतं, पंगतीत मी बोललो ते खोटं ठरलं. अक्षर वाकडं आलं आहे, पण वाचता येतं.

यापुढे मी कोणाची गाडी स्वतःच्या हाताने उघडणार नाही.

आता एक कामाचं. पहिल्यांदा चालू करण्याआधी नव्या टर्बोत वरून थोडं तेल ओता. इंजेक्टरच्या वायरी काढून ठेवा आणि थांबून थांबून सेल्फ मारा. टर्बोकडे जाणारा पाइप सैल करून तिथून तेल बाहेर येताना स्वतःच्या डोळ्यांनी बघा, मगच आवळा. चकत्या तांब्याच्या, नव्या.

तुम्ही रागावलात तरी तुमचा हक्क आहे. दार उघडं ठेवलंत तर बरं वाटेल.

तुमचा
प्रेमराज


जळगाव
९ एप्रिल २०२५

ती. मामांस,
नवलचा सा. न. वि. वि.

मला पत्रं लिहायची सवय नाही. रूपाने कागद दिला आणि ती बाहेर जाऊन बसली आहे.

अठ्ठावीस मार्चला इंजिन चालू झालं. तुम्ही सांगितलं तसं पाइपातून तेल येताना आम्ही दोघांनी बघितलं. तिसऱ्या सेल्फला पकडलं. थोडा धूर झाला, मग साफ झाला. चंदनबाईंनी पेढे वाटले. पहिले दहा दिवस मी गाडी फक्त गावातल्या गावात, हळू फिरवली.

तुमची कार्डं पोचली. माझ्या आत्याचा भडगावहून फोन आला, ती रडत होती. धरणगावचे काका म्हणाले, की प्रेमराजने असं करायला नको होतं, घरातल्या घरात मिटवायचं होतं. मला वाटतं, तुम्ही केलं ते बरोबर केलं. पण मामा, मला त्याचा आनंद झाला नाही. का ते लिहितो.

लाल तुकडा बघितला तेव्हा मला राग आला होता. आठवडाभर होता. मी रूपाला लिहू नकोस म्हणालो, ते मोठ्या मनाने म्हणालो असं तिला वाटलं. तसं नव्हतं. तेल बघितलं नाही हा आरोप मला सोयीचा होता. तो होता म्हणून दुसरं काही कोणी विचारत नव्हतं.

त्या दिवशी गाडी मी कडेला घेऊन थांबवली. इंजिन ओरडत होतं, काचेवर धूर, किल्ली माझ्या हातात. पुढच्या सीटवरची सून दार उघडून पळाली. मग मीही उतरलो आणि पळालो. मागे इंदिराबाई होत्या. दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू, त्यांना दाराची कडी सापडत नव्हती. मी दहा-बारा पावलं पळालो होतो. मग थांबलो, परत आलो, त्यांना हाताला धरून शेताच्या बांधावर बसवलं. नंतर आत बसून पाचवा गिअर टाकला, ब्रेकवर उभा राहिलो आणि क्लच सोडला. इंजिन मेलं. ही पुढची गोष्ट लोकांना माहीत आहे. ती पावलं कोणाला माहीत नव्हती. स्टिअरिंगपाशी बसलो की मला तीच आठवत.

तुमचं पत्र वाचलं. आपली चूक तुम्ही सव्वीस घरांना कळवलीत, आणि मी घरात बायकोलाही सांगितलं नव्हतं. मग रूपाला सांगितलं. ती पाना पुसत होती. म्हणाली, की हे मला सांगून काय, इंदिराबाईंना जाऊन सांगा.

गेलो. त्या गवार निवडत बसल्या होत्या. मी उभ्यानेच सगळं सांगितलं. त्या म्हणाल्या, तू पळना ते मले माहीत शे. परत उना ते बी माहीत शे. दिसत नव्हतं म्हणून सगळं लक्ष कानांकडे होतं, तुझ्या चपलांचा आवाज मी ओळखते, असं म्हणाल्या. जाताना ऐकला तेव्हा देवाचं नाव घेतलं, येताना ऐकला तेव्हा पिशवी हातात घेतली. त्यांनी निवडलेली गवार बाजूला ठेवली आणि म्हणाल्या, एक डोळा व्हयना, दुसरा बाकी शे. मंगळवारनी तारीख शे. गाडी चालू व्हयनी का?

मी घरी येऊन रूपाला विचारलं, की तू सोबत येशील का. ती आली असती. पण सकाळी निघताना मीच म्हणालो, की राहू दे.

तुम्ही गाड्या उघडणार नाही असं लिहिलंत. नका उघडू. पण हजार किलोमीटरनंतर तेल बदलायचं आहे आणि सगळं एकदा तपासायचं आहे, तेव्हा इथे येऊन खुर्चीवर बसा आणि माझ्यावर ओरडा. मोठ्याने ओरडलात तरी चालेल. मामीलाही आणा. आजवर तुमची माया न मागता मिळत होती, या वेळी मागून घेतो आहे.

काल मंगळवार होता. सकाळी सातला धुळ्याला निघालो. एरंडोलपर्यंत इंदिराबाई सुनेशी बोलत होत्या, भाजी महाग झाली, उन्हाळा लवकर आला, असंच. पुढे पारोळ्याच्या अलीकडे ती जागा येते. तिथे इंजिनाचा आवाज ऐकत मी गाडी थोडी हळू केली आणि आरशात मागे बघितलं. इंदिराबाई झोपल्या होत्या.

तुमचा
नवल